निनावी नाण्याची संकल्पना आणि तिच्या मर्यादा : डेव्हिड चॉम यांच्या ई-कॅशचे चिकित्सक मूल्यमापन

प्रस्तावना :
इंटरनेटवरील पैशाचा इतिहास बहुधा यशस्वी कंपन्यांचा इतिहास म्हणून सांगितला जातो. त्यामुळे अपयशी ठरलेल्या प्रयोगांमागील विचार दुर्लक्षित राहतो. अमेरिकन संगणकशास्त्रज्ञ डेव्हिड चॉम यांचा ‘ब्लाइंड सिग्नेचर्स फॉर अनट्रेसेबल पेमेंट्स’ हा १९८३ मध्ये प्रसिद्ध झालेला निबंध अशा विचारांपैकी एक होय. या लहानशा निबंधातूनच पुढे ई-कॅश हे डिजिटल चलन आकारास आले. ई-कॅश काळाच्या पुढे होती म्हणून ती टिकली नाही, असे सर्वसाधारण मत आढळते. प्रस्तुत लेखात या मताची तपासणी केली असून, अपयशाची कारणे काही अंशी मूळ मांडणीतही शोधता येतात, असे प्रतिपादन केले आहे.

निबंधाचा आशय :
चॉम यांनी प्रारंभीच दुहेरी अडचण मांडली आहे. प्रत्येक देण्याघेण्याची नोंद तिसऱ्या पक्षाकडे राहिली, तर व्यक्तीचे जाणे-येणे, संबंध व जीवनशैली उघड होते. उलटपक्षी, कागदी नोटेचा निनावीपणा चोरी, लाच व करचुकवेगिरीस वाव देतो. या दोन टोकांमधील मार्ग म्हणजे ‘अंध स्वाक्षरी’. ती स्पष्ट करण्यासाठी आतून कार्बन पेपर लावलेल्या पाकिटाचा दृष्टांत त्यांनी वापरला आहे. ग्राहक कागद पाकिटात बंद करून बँकेकडे देतो. बँक पाकिटावर सही करते व ती कार्बनमुळे आतील कागदावर उमटते. पुढे तो कागद दुकानदारामार्फत बँकेत परत येतो, तेव्हा सही आपलीच आहे हे बँकेला कळते. मात्र तो कोणत्या पाकिटातील होता, हे कळत नाही. तोच कागद दोनदा खर्च होऊ नये म्हणून वापरलेल्या नोटांची यादी बँक ठेवते.

एक प्रचलित गैरसमज :
चॉम यांना अनेकदा संपूर्ण गुप्ततेचे पुरस्कर्ते मानले जाते. मूळ निबंध वाचल्यास हे मत टिकत नाही. या योजनेत पैसे देणारा निनावी राहतो. घेणाऱ्यास मात्र रक्कम बँकेत जमा करावीच लागते. म्हणजे उत्पन्न दिसते, खर्च दिसत नाही. शिवाय देणाऱ्याला गरज पडल्यास पैसे दिल्याचा पुरावा सादर करता यावा आणि चोरीस गेलेल्या नोटांचा वापर थांबविता यावा, ही उद्दिष्टेही निबंधात स्पष्टपणे नोंदविली आहेत. ग्राहकाचा खासगीपणा आणि व्यापाऱ्याचे उत्तरदायित्व यांत केलेला हा भेद या निबंधाचा सर्वांत मौलिक विचार होय. तो केवळ तांत्रिक नसून नैतिक व आर्थिकही आहे.

मांडणीतील मर्यादा :
निबंधाची पहिली मर्यादा ‘रोख’ या उपमेत आहे. खरी नोट हातोहात फिरते. येथे मात्र प्रत्येक नोट एकदा वापरून बँकेकडे परतते. त्यामुळे या चलनाचे अस्तित्व एका बँकेच्या इच्छेवर व नोंदवहीवर अवलंबून राहते.

दुसरी मर्यादा अधिक गंभीर आहे. निनावीपणा हा नाण्याचा गणिती गुण आहे, असे निबंधाच्या वाचनातून वाटते. वस्तुतः निनावीपणा गर्दीत असतो. हजारो लोक एकाच मूल्याच्या नोटा वापरत असतील, तरच एकाचा माग हरवतो. वापरणारे मोजकेच असतील, तर रक्कम काढल्याची व जमा झाल्याची वेळ जुळवूनही अंदाज बांधता येतो. अशा प्रकारे खासगीपणा ही सामूहिक वस्तू ठरते आणि सामूहिक वस्तू एकेका ग्राहकाच्या पसंतीवर सोडल्यास अपुरीच निर्माण होते, हे अर्थशास्त्राच्या अभ्यासकांना परिचित आहे.

प्रत्यक्ष इतिहास या निष्कर्षास पुष्टी देतो. चॉम यांच्या ॲम्स्टरडॅम येथील डिजिकॅश कंपनीची ई-कॅश अमेरिकेतील मार्क ट्वेन बँकेने १९९५ मध्ये ग्राहकांना उपलब्ध करून दिली. पुढे डॉइश बँकेसारख्या युरोपीय बँकांनीही तिचा प्रयोग केला. तथापि, दुकाने कमी म्हणून ग्राहक कमी आणि ग्राहक कमी म्हणून दुकाने कमी, हे चक्र भेदले गेले नाही. १९९८ मध्ये कंपनी दिवाळखोरीत निघाली. याच काळात क्रेडिट कार्डाने इंटरनेटवर जम बसविला. कार्डाचा गैरवापर झाल्यास अमेरिकन कायद्याने ग्राहकाची जबाबदारी ५० डॉलरपुरती सीमित केली होती. हा लाभ ग्राहकास लगेच जाणवणारा होता. खासगीपणाचा लाभ तसा नव्हता. पुढे खातेनिहाय नोंदींवर आधारलेली पेपाल ही सेवा यशस्वी झाली व २००२ मध्ये ईबेने ती विकत घेतली.

आजचा संदर्भ :
भारतात २०१६ मध्ये यूपीआय सुरू झाल्यापासून चहाच्या टपरीवरील किरकोळ देणेही नोंदले जाऊ लागले. ही सोय निर्विवाद आहे. परंतु चॉम यांनी वर्णिलेली पहिली अडचणही तिच्यासोबत आली आहे. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने खासगीपणा हा मूलभूत अधिकार ठरविला. रिझर्व्ह बँकेने १ डिसेंबर २०२२ रोजी किरकोळ वापराच्या डिजिटल रुपयाची चाचणी मुंबईसह चार शहरांत सुरू केली, तेव्हा निनावीपणा किती असावा, हा प्रश्न पुन्हा चर्चेत आला. आंतरराष्ट्रीय सेटलमेंट्स बँकेने २०२३ मध्ये ‘टूर्बिलॉन’ प्रकल्पात चॉम यांच्याच आराखड्याची मध्यवर्ती बँकेच्या चलनासाठी चाचणी घेतली. जे खासगी बाजारात रुजले नाही, ते सार्वजनिक संस्थेमार्फत तपासले गेले, ही बाब अर्थपूर्ण आहे.

निष्कर्ष :
ई-कॅशचे अपयश हे खासगीपणाच्या कल्पनेचे अपयश नव्हे. तो विकत घेण्याची वस्तू आहे, या गृहीतकाचे ते अपयश होय. चॉम यांचे गणित आजही ग्राह्य आहे; उणीव होती ती त्यास आधार देणाऱ्या कायद्याची व संस्थेची. म्हणून हा निबंध संगणकशास्त्रापुरता मर्यादित न ठेवता वाणिज्य, अर्थशास्त्र व राज्यशास्त्र या विषयांच्या अध्यापनातही त्याचा विचार होणे आवश्यक आहे. खर्चाची नोंद कोणाकडे, किती व किती काळ राहावी, हे केवळ यंत्रणा उभारणाऱ्यांनी ठरवावे असे नाही. तो नागरिकांच्या निर्णयाचा विषय आहे.