पाहुणा चित्रकार आणि मेथीची पूड

विद्यापीठात पाहुणा चित्रकार आला की शाल, श्रीफळ, भाषण. झालं आतिथ्य! १९७५ साली अहमदाबादच्या साराभाई या जैन कुटुंबाने अमेरिकन चित्रकार रॉबर्ट राउशेनबर्गला बोलावलं. तो गांधी आश्रमातल्या कागद कारखान्यात कारागिरांबरोबर राबला. लगद्यात मेथीची पूड, चिंचोक्यांचं पीठ कालवून ‘युनियन्स’ मालिका घडली. बायांनो, आपल्याच स्वयंपाकघरातले जिन्नस! या कामांत भारत नुसता देखावा उरत नाही, हाताला लागतो. म्हणून ती मला मोलाची वाटतात.

आमच्या सुरतेत कापड, जर, रंग, कशाला तोटा? विद्यापीठाने पाहुण्याला सूर्यास्ताआधी जेवू घालावं, आणि सकाळी जरीच्या कारखान्यात न्यावं. कारागिराची ओळख नावानिशी करून द्यावी. आपल्या मुलींनाही शेजारी कामाला बसवावं. नाहीतर शाली वाटत बसा.