‘ग्रीडफॉल’: वकिलाचा अंगरखा

कलाकृतीचें मोल तिच्यावर झालेल्या खर्चावरून ठरवूं नये, हें तत्त्व ग्रंथांच्या बाबतींत आपण केव्हांच मान्य केलें आहे. नाटकाच्या बाबतींतहि पडदे विटलेले असले तरी चालतील, नटाची वाणी विटलेली असतां कामा नये, असेंच जाणता प्रेक्षक म्हणत आला. परंतु कॉम्प्युटरवरील खेळाची गोष्ट निघाली, कीं हाच जाणता प्रेक्षक एकाएकीं जमाखर्चाच्या वह्या उघडून बसतो. कोणता खेळ किती कोटींचा, त्यांतील झाडाचें पान न् पान हलतें कीं नाहीं, याची चर्चा होते. त्या खेळाला कांहीं सांगावयाचें आहे काय, हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाहीं. म्हणून बेताच्या खर्चांत झालेल्या एका खेळाचें परीक्षण आम्हीं येथें योजिलें आहे.

खेळाचें नांव ‘ग्रीडफॉल’. पॅरिस येथील ‘स्पायडर्स’ या संस्थेनें तो रचला व १० सप्टेंबर २०१९ रोजीं तो प्रसिद्ध झाला. ही संस्था २००८ सालीं निघाली. ‘बाउंड बाय फ्लेम’ (२०१४) व ‘द टेक्नोमॅन्सर’ (२०१६) हे तिचे पूर्वीचे खेळ. या जातीच्या खेळांस ऍक्शन रोल-प्लेइंग गेम असें नांव आहे. खेळणारा एका पात्राची भूमिका घेतो, त्या पात्राचे गुण आपल्या मर्जीप्रमाणें वाढवितो, आणि लढाई, संभाषण व प्रवास यांच्या द्वारें कथा पुढें नेतो. याच जातीच्या ‘द विचर ३’ (२०१५) या पोलंडमधील खेळावर शेंकडों माणसें राबलीं होतीं. तेवढें मनुष्यबळ वा द्रव्यबळ नसतां स्पायडर्सच्या मंडळींनीं तसाच विस्तीर्ण पट मांडण्याचें धाडस केलें. आमच्या घरच्या तरुण मंडळींच्या मागें बसून आम्हीं हा खेळ प्रथम पाहिला. पुढें कुतूहल अनावर झालें, तेव्हां स्वतः खेळून तडीस नेला. त्याला आमचे चाळीसएक तास खर्ची पडले. त्या वेळाबद्दल आम्हांस पश्चात्ताप होत नाहीं.

कथा कल्पित जगांतील आहे. पण तिचा पोषाख युरोपच्या सतराव्या शतकाचा आहे. तिकोनी टोप्या, लांब कोट, तलवारी, पिस्तुलें, शिडांचीं जहाजें, आणि त्यांच्या जोडीला थोडी जादू. जुन्या खंडांत मलिकोर नांवाचा रोग पसरला आहे. रोग्याचें रक्त काळवंडतें, दृष्टि जाते, आणि शेवटीं मरण येतें; उपाय कोणालाच ठाऊक नाहीं. तीर फ्रादी या दूरच्या बेटावर मात्र हा रोग नाहीं. तेव्हां व्यापाऱ्यांचें एक राज्य आपल्या राजघराण्यांतील कॉन्स्टान्टिन या तरुणास तेथें गव्हर्नर म्हणून धाडतें, आणि त्याचें चुलत भावंड दे सार्दे याजकडे वकिलातीचें काम देतें. हा दे सार्दे म्हणजेच आपण, खेळणारे. पात्र पुरुष असावें कीं स्त्री, हेंहि आपणच ठरवावयाचें. आरंभ मोठा सुरेख आहे. चित्रकारापुढें दे सार्दे बसला आहे, आणि चित्रकार त्याचें चित्र काढीत असतांना आपण त्याचा चेहरा निवडतों. त्यानंतर तो मलिकोरनें अंध झालेल्या आईचा निरोप घ्यावयास जातो. ती पुन्हां भेटणार नाहीं, हें दोघांनाहि ठाऊक असतें, आणि तसें कोणी बोलून दाखवीत नाहीं. एवढ्या थोड्या शब्दांत निरोपाचा प्रसंग साधणारे कादंबरीकार आपल्याकडे फार नाहींत.

बेटावर उतरल्यावर या कृतीचा खरा विषय उघड होतो. तेथें धर्मप्रसारासाठीं आलेले थेलेमचे लोक आहेत, विद्येचा अभिमान बाळगणारे ब्रिज अलायन्सचे लोक आहेत, समुद्रावर एकछत्री अंमल गाजविणारे नॉट नांवाचे खलाशी आहेत, पगारी शिपायांचें कॉइन गार्ड आहे. आणि या सर्वांच्या आधींपासून त्या भूमीवर नांदत असलेले बेटकरी आहेत. यांच्यांतील तंटे मिटवीत हिंडणें हें वकिलाचें काम. तलवार उपसल्याविना सुटणारे प्रसंग येथें पुष्कळ आहेत. कोठें गोड बोलून, कोठें लांच देऊन, कोठें रसायनाच्या ज्ञानानें, तर कोठें रात्रीं कुलूप उघडून कार्य साधतें. त्यांतील एक युक्ति आम्हांस विशेष मार्मिक वाटली. ज्या पक्षाचा पोषाख अंगावर चढवावा, त्या पक्षाच्या बंदिस्त आवारांत पहारेकरी आपणांस मुकाट्यानें आंत सोडतात. शिपायाचा कोट घातला कीं शिपाई, धर्मगुरूचा झगा घातला कीं भाविक! खेळाच्या सोयीकरितां योजिलेली ही युक्ति वकिलीच्या धंद्यावरील टीकाहि होऊन बसली आहे.

मराठी वाचकाला हा विषय परका वाटूं नये. आपल्या बखरी व पत्रव्यवहार वाचणारास दरबारचा वकील हा गृहस्थ चांगला परिचयाचा आहे. तो नजराणे घेऊन येतो, सर्वांची ख्यालीखुशाली विचारतो, आणि रात्रीं दिव्यापाशीं बसून धन्याला बातमीपत्र लिहितो. पुण्याच्या दरबारीं १७८६ सालीं मॅलेट रेसिडेंट म्हणून आला. १८११ सालीं त्याच पदावर एल्फिन्स्टन आला. १८१८ सालीं पेशवाई बुडाली, आणि १८१९ सालीं तोच एल्फिन्स्टन मुंबईचा गव्हर्नर झाला. एल्फिन्स्टनच्या विद्वत्तेबद्दल व सौजन्याबद्दल आपल्या पूर्वजांनींहि आदरच बाळगला. परंतु गृहस्थ कितीहि सज्जन असो, त्याच्या सौजन्याच्या पाठीमागें कोणाच्या तोफा उभ्या आहेत, हा प्रश्न त्यामुळें मिटत नाहीं. ‘ग्रीडफॉल’चें परीक्षण करतांना हीच कसोटी आम्हांस लावावीशी वाटते.

त्याआधीं या खेळाच्या गरिबीचा हिशेब उरकून घेऊं. कारण पुष्कळ परीक्षकांनीं तेवढ्यावरच थांबणें पसंत केलें आहे. बोलतांना पात्रांचे चेहरे अनेकदां लांकडी वाटतात. लढायांतील जनावरें थोडक्या जातींचीं असून तींच तीं पुन्हां समोर येतात. निरोप्याप्रमाणें एका गांवाहून दुसऱ्या गांवीं, तेथून परत पहिल्या गांवीं, अशा खेपा घालून पाय दुखूं लागतात. सर्वांत ठळक उणीव म्हणजे घरें. न्यू सेरेन, सान माथ्यूस व हिक्मत या तीन नगरांत तीन निरनिराळ्या सत्तांचे गव्हर्नर राहतात. पण त्यांचे वाडे आंतून एकाच नकाशाचे आहेत. तोच जिना, तेंच दालन. बदललेलीं फक्त निशाणें. हें काटकसरीनें झालें, हें उघड आहे. तरीहि तिसऱ्या वाड्याचा जिना चढतांना आमच्या मनांत आलें, कीं व्यापाराच्या, धर्माच्या व विद्येच्या नांवानें आलेल्या या तिघांचें घर आंतून एकच आहे, हें कर्त्यांनीं हेतुपुरस्सर दाखविलें असतें तर आपण त्यांची वाहवाच केली असती. असो. या उणिवा पैशानें भरून निघणाऱ्या आहेत, आणि पैशानें भरून निघणाऱ्या उणिवांबद्दल कलावंताला फार टोंचून बोलूं नये. ओलिव्हिये देरिव्हिएर यांचें संगीत व बेटावरील अरण्यांतील उन्हाची तिरीप या दोन गोष्टींत तर दारिद्र्याची खूणहि दिसत नाहीं.

शब्दांच्या बाबतींत मात्र मंडळींनीं कोठेंहि हात आंखडला नाहीं. बेटकऱ्यांकरितां त्यांनीं एक निराळी भाषा घडविली आहे. परक्याला ते ‘रेनैग्से’ म्हणतात, आणि तो शब्द दहा वेळां कानीं पडला कीं त्यांतील तिरस्काराच्या व भीतीच्या छटा भाषांतरावांचून कळूं लागतात. वकिलाबरोबर हिंडणारे पांच सोबतीहि नुसते लढवय्ये नाहींत. वास्को हा करारान्वयें लहानपणींच खलाशांच्या स्वाधीन केला गेलेला मुलगा. पेत्रुस हा धर्मखात्यांत मुरलेला वृद्ध मुत्सद्दी. आफ्रा ही ज्ञानाच्या लोभापुढें माणूस विसरूं पाहणारी विदुषी. सिओरा ही बेटावरील राणीची मुलगी. परकीयांशीं झालेल्या लढाईंत तिची आई पडते, आणि त्याच परकीयांच्या वकिलाबरोबर तिला पुढें चालावें लागतें. कुर्ट हा आपला शस्त्रविद्येचा गुरु. याच्या मनांत आपण पुरेसा विश्वास उत्पन्न केला नसेल, तर कॉइन गार्डच्या बंडाच्या वेळीं तो आपणांवरच शस्त्र उगारतो. स्नेहाकडे दुर्लक्ष केल्याची किंमत अशा रीतीनें वसूल करणें ही गोष्ट छापील कादंबरीला साधणारी नाहीं. कारण कादंबरींत दुर्लक्ष नायकाचें असतें, येथें तें आपलें असतें.

सान माथ्यूसमध्यें धर्मांतर नाकारणाऱ्या बेटकऱ्यांचा छळ होतो. हिक्मतकडील एक वैद्य मलिकोरवर औषध शोधण्यासाठीं जिवंत माणसांवर प्रयोग करतो. हे प्रसंग भडकपणा न आणतां रंगविले आहेत. त्या वैद्याचा हेतु रोग बरा करण्याचा आहे, आणि आपली आईहि त्याच रोगानें गेली आहे. तेव्हां त्याचा निवाडा करतांना हात क्षणभर थबकतो. येथें ही कृति खऱ्या अर्थानें मोठी होते.

आणि येथवर आल्यावर ती कचरते. आमचा मुख्य आक्षेप असा, कीं या वकिलाला कोणताहि पक्ष कायमचा गमवावा लागत नाहीं. थोडी दक्षता बाळगली तर धर्मवेड्यांपासून बेटकऱ्यांपर्यंत सहाच्या सहा पक्षांशीं सख्य राखतां येतें, आणि शेवटच्या संकटांत ते सर्व त्याच्या साहाय्यास धांवतात. छळ करणारा एखादा धर्माधिकारी दूर केला कीं थेलेम निर्मळ होतें. एका वैद्याला शिक्षा झाली कीं विद्या पवित्र होते. जणूं अन्याय हा दहापांच दुष्ट माणसांचा उद्योग होता, आणि बेटावर गढ्या बांधण्याच्या मूळ कृत्याशीं त्याचा संबंध नव्हता! बेटकऱ्यांनीं ‘तुम्ही चांगले आहांत, तरी परत जा’ असें म्हटलें, तर वकिलानें काय करावें? हा एकच प्रश्न विचारावयाचा होता, आणि तोच विचारला गेला नाहीं.

दुसरी पळवाट याहून अधिक खटकते. दे सार्देच्या गालावर जन्मतः एक हिरवट खूण आहे. ती पाहून बेटकरी त्याला आपल्यांतील मानूं लागतात; आणि पुढें उघड होतें, कीं त्याची खरी आई बेटावरून पळवून नेलेली स्त्री होती. रहस्य म्हणून हें उत्तम आहे, आणि त्यांत एका चोरलेल्या मुलाची शोकांतिका दडलेली आहे. परंतु कर्त्यांनीं ती शोकांतिका लिहिली नाहीं. त्या रहस्याचा उपयोग त्यांनीं वकिलाला दोषमुक्त करण्याकडे केला. तो मुळांत बेटाचाच, मग त्याच्या तेथें असण्याबद्दल तक्रार कोणी करावी? परकेपणाचा प्रश्न रक्ताच्या नात्यानें सोडविला, कीं तो सुटत नाहीं, नुसता झांकला जातो. खरा परका असा दे सार्दे आम्हांस अधिक आवडला असता. त्याला स्वतःच्या सज्जनपणाची मर्यादा तरी दिसली असती.

या दोषाला गरिबीची सबब चालणार नाहीं. चौथा वाडा बांधावयास पैसा लागतो; विचार शेवटपर्यंत नेण्यास लागत नाहीं. ज्या लेखणीनें अंध आईचा निरोप लिहिला, तिच्या आवांक्यांत हें होतें, म्हणूनच आम्ही तें मागत आहों. कॉन्स्टान्टिनच्या शेवटांत तिची ताकद पुन्हां एकदां दिसते. मलिकोर झालेला हा हंसरा, लाडका भाऊ बेटाच्या जादूनें वांचतो, आणि मग बेटाच्या देवाचीच जागा बळकावूं पाहतो. मलिकोर हा जुन्या खंडांतील माणसांनीं आपलीच भूमि नासविल्याचा परिणाम आहे, असें तोंवर कळून चुकलेलें असतें. भूमि नासवून आलेला माणूस नव्या भूमीचा देव होऊं म्हणतो, आणि तो आपला सर्वांत प्रिय माणूस असतो. त्याला मारावें कीं त्याला मिळावें, एवढाच पर्याय हातीं राहतो. येथें तरी सर्वांना खूष ठेवण्याची सोय वकिलाला नाहीं.

या खेळाच्या दहा लाखांहून अधिक प्रती खपल्या. २०२४ सालीं त्याचा दुसरा भाग अपूर्णावस्थेंत लोकांपुढें आला. त्यांत कथा कांहीं वर्षें मागें नेली असून, नायकाची जागा आतां बेटावरून जबरदस्तीनें जुन्या खंडांत नेलेल्या बेटकऱ्याला दिली आहे. आमचा आक्षेप कर्त्यांच्याहि मनांत डांचत असावा, असें यावरून मानावयास हरकत नाहीं.

रक्तपाताचे प्रसंग असल्यामुळें हा खेळ लहान मुलांच्या हातीं देण्याजोगा नाहीं. पण महाविद्यालयांत जाणारीं मुलें तो घरीं खेळत असतील, तर वडील मंडळींनीं वेळ वायां जातो म्हणून कपाळाला आंठ्या घालण्याऐवजीं एखाद्या संध्याकाळीं शेजारीं खुर्ची ओढून बसावें. वकील कोणाचा कोट घालून कोणाच्या दारांत उभा आहे, एवढेंच मुलांना विचारावें. आमच्या घरीं त्या प्रश्नावरून दोन रात्रीं वाद चालला, आणि तिसऱ्या दिवशीं मुलानें कपाटांतून मराठ्यांच्या इतिहासाचें पुस्तक आपण होऊन काढलें.