तप्त अणुकेंद्रीय द्रव्याचे तापमान : एका निष्कर्षाची समीक्षा

मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील सौरेंदू गुप्ता यांनी देशीविदेशी सहकाऱ्यांसह २०११ मध्ये 'सायन्स'मध्ये प्रसिद्ध केलेल्या शोधनिबंधात सामान्य अणुकेंद्रीय द्रव्याचे क्वार्क-ग्लुऑन द्रव्यात संक्रमण होण्याचे तापमान १७५ मेगाइलेक्ट्रॉनव्होल्ट, म्हणजे सुमारे दोन लाख कोटी केल्विन, असे निश्चित केले.

सुवर्णकेंद्रकांच्या टकरीत तापमापी ठेवता येत नाही. म्हणून ब्रुकहेवन येथील प्रयोगात प्रोटॉन व प्रतिप्रोटॉन यांच्या संख्येतील फरक टकरीगणिक कसा बदलतो हे पाहून त्याची सांगड संगणकीय जालक-गणनेशी घालण्यात आली. चढउतारांची गुणोत्तरे घेतल्याने तप्त गोळ्याचे अज्ञात आकारमान गणितातून गळते, हे या पद्धतीचे बलस्थान होय.

तथापि, न्यूट्रॉन मोजले जात नाहीत आणि औष्णिक समतोल गृहीत धरावा लागतो. २०१९ मधील जालक-गणनेने दिलेले १५६.५ हे मूल्य २०११ च्या त्रुटिमर्यादेबाहेर पडते. शून्यानजीकच्या बॅरिऑन-घनतेला हे संक्रमण पाण्याच्या उकळण्यासारखे एकाच तापमानाला घडत नाही. त्यामुळे मूल्य व्याख्येवरही अवलंबून राहते. म्हणून अध्यापनात १७५ हा आकडा अंतिम न मानता, सिद्धान्त व प्रयोग यांना एका मापावर आणणारी पद्धत म्हणून या निबंधाचे महत्त्व सांगणे उचित ठरेल.