क्षार, अणू आणि शक्ती : शालेय विज्ञानपरिभाषेतील अर्थसंघर्ष

मराठीतील शास्त्रीय परिभाषेविषयी जी चर्चा होत आली, ती बहुधा एकाच प्रश्नाभोवती फिरत राहिली आहे. संज्ञा संस्कृतावरून घडवावी, की आंतरराष्ट्रीय शब्दच देवनागरीत उतरवून घ्यावा, हा तो प्रश्न होय. पहिल्या पक्षावर दुर्बोधतेचा आरोप होतो, दुसऱ्यावर परावलंबनाचा. प्रस्तुत लेखकाच्या मते शाळेच्या वर्गापुरता तरी हा वाद गौण आहे. ‘प्रकाशसंश्लेषण’ हा शब्द लांबलचक असला तरी मुलाला तो फसवीत नाही. त्याला पूर्वीचा काही अर्थ नसल्याने पाठात सांगितलेला अर्थ तो निमूटपणे स्वीकारतो. फसवितात ते सोपे वाटणारे शब्द. मूल ते घरून घेऊन येते आणि वर्गात त्यांचा अर्थ बदललेला असतो. परंतु अर्थ बदलला आहे, हे त्यास कोणी सांगत नाही.

याचे सर्वांत बोलके उदाहरण ‘क्षार’ या संज्ञेचे आहे. बालभारतीच्या पाठ्यपुस्तकांत आम्ल, आम्लारी आणि क्षार असे त्रिकूट येते. आम्ल व आम्लारी यांच्या अभिक्रियेतून क्षार आणि पाणी मिळते, हे सूत्र नववीतील विद्यार्थी पाठ म्हणून दाखवितो. यांपैकी ‘आम्लारी’ ही संज्ञा मला उत्तम वाटते. आम्लाचा अरी तो आम्लारी. उदासिनीकरणाची सारी कल्पना त्या एका समासात सामावली आहे. (‘उदासीन’ हा शब्द ऐकून मुलांना खिन्न मनुष्य आठवतो, हे मात्र खरे.) अडचण येते ती ‘क्षार’पाशी. संस्कृत वैद्यकात क्षार म्हणजे मुख्यतः वनस्पती जाळून तिच्या राखेतून काढलेला दाहक पदार्थ. यवक्षार जवाच्या राखेतून निघतो. अरबीतील ज्या शब्दावरून ‘अल्कली’ आणि त्यावरून आपला ‘अल्क’ आला, त्याचाही मूळ संबंध राखेशीच आहे. म्हणजे परंपरेने क्षार हा आम्लारीच्या घरचा. हिंदीतील शास्त्रीय परिभाषेने हा अर्थ राखला असून तेथे क्षार म्हणजे अल्क, तर आपण ज्यास क्षार म्हणतो त्यास ‘लवण’ म्हणतात. मराठीने तोच शब्द उचलून समोरच्या घरात नेऊन बसविला.

मराठी बोलीनेच ही गुंतागुंत आधी करून ठेवली होती, हेही मान्य केले पाहिजे. आपण ‘खारट’ म्हणतो ते मिठाच्या चवीला आणि ‘पापडखार’ म्हणतो तो अल्कधर्मी पदार्थाला. एकाच धातूच्या या दोन डहाळ्या स्वयंपाकघरात शेजारी शेजारी नांदतात व कोणाचे काही अडत नाही. कारण तेथे शब्दाला वस्तूचा आधार असतो, बरणी समोर असते. पाठ्यपुस्तकात बरणी नाही. तेथे पापडखार हा रसायनदृष्ट्या क्षारही आहे आणि त्याचे द्रावण अल्कधर्मीही आहे, ही गोष्ट विद्यार्थ्यास समजावयाची तर प्रथम त्याच्या मनातील दोन ‘खार’ वेगळे करावे लागतील. हा खुलासा मला पाठात आढळला नाही.

या खुलाशाची उणीव केवळ परीक्षेपुरती नाही. कृष्णाकाठच्या ऊसपट्ट्यात, सांगली-कोल्हापूरकडे, अतिसिंचनाने व निचऱ्याच्या अभावी बिघडलेल्या जमिनी पुष्कळ आहेत. कृषिशास्त्र अशा जमिनींचे क्षारयुक्त, चोपण आणि क्षारयुक्त-चोपण असे तीन वर्ग करते. क्षारयुक्त जमिनीत विद्राव्य क्षार जास्त असतात, परंतु तिचा सामू सामान्यतः 8.5 च्या आत असतो. चर काढून, चांगले पाणी देऊन ते क्षार धुऊन काढता येतात. चोपण जमिनीत मातीच्या कणांना सोडियम चिकटलेला असतो, सामू 8.5 च्या वर जातो, माती ओली असता चिकट व वाळली असता टणक होते. तिला आधी जिप्सम द्यावे लागते, म्हणजे त्यातील कॅल्शियम सोडियमची जागा घेतो, आणि मग निचरा. नुसत्या धुण्याने ती सुधारत नाही. शेतकऱ्याच्या भाषेत ‘चोपण’ हा शब्द फार जुना आहे व क्षारता आणि अल्कधर्मिता यांतील भेद तो नेमका दाखवितो. शाळेतील रसायनशास्त्राला मात्र त्याचा पत्ता नाही. ज्या मुलाच्या बापाच्या रानावर पांढरा थर आला आहे, त्यास वर्गात शिकलेले ‘क्षार’ आणि मृदापरीक्षणाच्या अहवालातील ‘क्षार’ जुळवून घेता आले नाहीत, तर परिभाषेने आपले काम केले असे म्हणता येणार नाही.

‘अणू’ची कथा याहून साधी, पण तशीच. मराठीत अणू हा मूलद्रव्याचा लहानात लहान कण आणि रेणू हा अणूंचा समूह. हिंदीत पहिल्यास परमाणु व दुसऱ्यास अणु म्हणतात. संकेत म्हणून दोन्ही निर्दोष आहेत. तथापि मराठी विद्यार्थी स्पर्धापरीक्षेसाठी हिंदी पुस्तक उघडतो तेव्हा तेथील अणु त्याला ओळखीचा वाटतो आणि म्हणूनच चकवितो. अपरिचित शब्द असता तर त्याने कोश उघडला असता. ‘पेशी’चेही तेच. आपली पेशी म्हणजे हिंदीतील कोशिका; आणि हिंदीतील पेशी म्हणजे आपला स्नायू. 1961 मध्ये केंद्र सरकारने वैज्ञानिक व तांत्रिक परिभाषेसाठी आयोग नेमला, त्यामागे भारतीय भाषांच्या संज्ञा एकमेकींजवळ याव्यात हाही हेतू होता. संस्कृत हा समान कोठार मानला की एकरूपता आपोआप येईल, हा विश्वास या तीन शब्दांपुरता तरी खोटा ठरला आहे. कोठार एक असले तरी प्रत्येकीने त्यातून भलतीच वस्तू उचलली.

यामिकीकडे वळले असता निराळा दोष दिसतो. बल, कार्य, ऊर्जा, शक्ती हे चार शब्द व्यवहारात एकमेकांच्या जागी सहज येतात. भौतिकशास्त्रात त्यांची एकके वेगळी आहेत. बल न्यूटनमध्ये, कार्य व ऊर्जा ज्यूलमध्ये, शक्ती वॅटमध्ये. येथे संज्ञाकारांनी एक युक्ती केली, ती वाखाणण्यासारखी आहे. ‘काम’ न घेता त्यांनी ‘कार्य’ घेतले, ‘बळ’ न घेता ‘बल’ घेतले. तत्सम रूपानेच सूचना मिळते की हा शब्द आता शास्त्राचा आहे. डोक्यावर ओझे घेऊन फलाटावर उभा राहिलेला हमाल काम करतो, पण त्या ओझ्यावर कार्य करीत नाही, हे वाक्य मराठीत जितके स्वच्छ बसते तितके इंग्रजीत बसत नाही. कारण तेथे दोन्हींना एकच शब्द आहे. (घरात लग्न निघाले म्हणजे आपण ‘कार्य आहे’ म्हणतो, ती गोष्ट अलाहिदा.)

‘शक्ती’च्या बाबतीत मात्र ही सावधगिरी राहिली नाही. पाठ्यपुस्तकात शक्ती म्हणजे कार्य करण्याचा दर. आणि मुंबईतील अणुशक्तीनगराच्या नावात ती म्हणजे ऊर्जा. तीच गत ‘चाल’ची. अंतर भागिले काळ यास चाल म्हणावे, असे पुस्तक सांगते. मराठी मनास चाल म्हणजे गाण्याची, बुद्धिबळातली, फार तर घोड्याची. एस.टी.ची चाल ताशी 60 किलोमीटर, असे कोणीही म्हणत नाही. वेग हा शब्द सदिश राशीसाठी राखून ठेवावयाचा होता, हे कारण समजते. पण ते कारण विद्यार्थ्यालाही समजावयास हवे होते.

आंतरराष्ट्रीय शब्दांविषयी थोडेसेच. मूलद्रव्यांची नावे जशीच्या तशी घ्यावीत, हे धोरण आता स्थिरावले आहे आणि ‘कर्बद्विप्राणिद’ मागे पडले याचे दुःख मानण्याचे कारण नाही. लाव्हाझ्येने ‘ऑक्सिजन’ हे नाव आम्लजनक या अर्थाने दिले. प्रत्येक आम्लात हा वायू असतोच ही त्याची समजूत डेव्हीने 1810 च्या सुमारास क्लोरिनवरील प्रयोगांनी चुकीची ठरविली. नाव राहिले, आणि त्यामुळे कोणाचीही दिशाभूल होत नाही, कारण त्यातला ग्रीक अर्थ कोणाला ऐकूच येत नाही. ‘प्राणवायू’तला अर्थ मात्र ऐकू येतो, शिवाय पंचप्राणांतील प्राण त्यात डोकावतो. तरीही 2021 च्या साथीत वृत्तपत्रांनी हाच शब्द लिहिला, कारण रुग्णाच्या नातेवाइकाला हवा असलेला अर्थ त्यात नेमका होता. दोन्ही शब्द राहू द्यावेत. वर्गात एक, वृत्तपत्रात दुसरा.

पाठ्यपुस्तकांत मराठी संज्ञेपुढे कंसात इंग्रजी प्रतिशब्द देण्याचा जो प्रघात आहे, तो अनेकांना खटकतो. मला तो खटकत नाही. अकरावीत विज्ञानशाखेचे शिक्षण प्रायः इंग्रजीतून होते आणि मराठी माध्यमाच्या मुलाला त्या उंबरठ्यावर कोणीतरी हात द्यावयास हवा. खटकते ते कंसाचे एकमार्गी असणे. संज्ञेचे इंग्रजीशी नाते तो दाखवितो. घरातल्या शब्दाशी, शेजारच्या भाषेशी असलेले नाते दाखवीत नाही. ‘क्षार’ या शब्दापुढे इंग्रजी प्रतिशब्दाबरोबरच ‘पापडखारातील खार नव्हे, हिंदीत लवण’ एवढी एक ओळ छापली तर पृष्ठसंख्या वाढणार नाही. असे खुलासे कोणत्या शब्दांना लागतील, याची यादी मराठी विभागाने एकट्याने करता येण्याजोगी नाही; तीस रसायनशास्त्राचा अध्यापक लागेल, आणि चोपण शब्द ज्याच्या तोंडी आहे असा एखादा शेतकरीही.