कानात सांगितलेले नाव

बारशाला आत्या बाळाच्या कानात नाव सांगते आणि बायका हसत हसत तिच्या पाठीत धपाटे घालतात. आम्हां बीडकरांच्या घरोघरचा हा सोहळा मला एका परक्या कादंबरीत भेटला, आणि ती कादंबरी माझी झाली. ती म्हणजे अलेक्स हेली यांची ‘रूट्स’ (१९७६).

आफ्रिकेतील गँबियाच्या जुफुरे गावी बाप आठ दिवसांच्या मुलाच्या कानात नाव सांगतो : कुंटा किंटे. आपण कोण, हे माणसाला सर्वांआधी कळावे, हा त्यातला भाव. १७६७ साली ढोलासाठी लाकूड आणायला गेलेला कुंटा पकडला जातो आणि अमेरिकेत विकला जातो. मालक त्याचे नाव ‘टोबी’ ठेवतो. चार वेळा पळाल्यावर त्याचे अर्धे पाऊल तोडतात; नाव मात्र तुटत नाही. लेकीला तो आपल्या भाषेतले शब्द शिकवतो आणि ते पिढ्यान्‌पिढ्या उतरत जातात. कायद्याने मुक्ती पुढे आली. तिचा शोध या शब्दांपासूनच सुरू झाला होता.

कादंबरी निर्दोष नाही. उत्तरार्धात पिढ्या भराभर उलटतात. वंशावळीच्या पुराव्यांवर इतिहासकारांनी आक्षेप घेतले; दुसऱ्या एका कादंबरीतील मजकूर उचलल्याचा दावा १९७८ साली तडजोडीने मिटला. म्हणून मी ती इतिहास म्हणून वाचत नाही. परंतु तिच्यातले दुःख त्यामुळे खोटे ठरत नाही.

वाचताना मला मलिक अंबर आठवत राहिला. चापू नावाचे हबशी पोर बाजारोबाजार विकले गेले. ‘अंबर’ हे नाव मालकाने दिलेले. हाच अंबर पुढे निजामशाहीचा आधारस्तंभ झाला, १६२४ साली भातवडीला जिंकला, १६२६ साली वारला. त्याच निजामशाहीत आमचे बीडही होते. तो मुक्त झाला, पण ‘चापू’ काही परतला नाही. भातवडीच्या तलवारी पुष्कळ झाल्या. त्या हरवलेल्या नावाच्या मागे जाणाऱ्या मराठी कादंबरीची मी वाट पाहतो आहे.

दिवाळीच्या सुमारास आमच्या जिल्ह्यातली जोडपी उचल घेऊन ऊसतोडीला निघतात. मुकादमाच्या हिशेबात नवराबायको मिळून ‘एक कोयता’. याला मी गुलामगिरी म्हणत नाही. पण ‘रूट्स’ मिटल्यापासून तो शब्द कानाला बोचतो. त्या दोघांच्याही कानात कधीतरी आत्याने नाव सांगितले असेलच ना?