दार्ष्टान्तिक नसलेला दृष्टान्त

'दृष्टान्त' हा शब्द शुभवर्तमानाबरोबर मराठीत आलेला नाही. त्याच्या कितीतरी आधीपासून तो महानुभावांच्या घरी नांदत होता. श्रीचक्रधरांचे ११४ दृष्टान्त केशिराजबासांनी 'दृष्टान्तपाठा'त संकलित केले, तेव्हा प्रत्येकाची मांडणी त्रिपदरी ठेवली : आधी सूत्र, मग दृष्टान्त आणि शेवटी दार्ष्टान्तिक, म्हणजे कथेचा तत्त्वाशी घातलेला मेळ.

ही चौकट हाती घेऊन प्रभू येशूचे क्षमेविषयीचे दृष्टान्त वाचून पाहावेत. मत्तयच्या अठराव्या अध्यायातील निर्दय चाकराची कथा तीत चपखल बसते. भावाला किती वेळा क्षमा करावी, हा पेत्राचा प्रश्न; त्यावरच्या उत्तरात सूत्र, मग कथा, आणि अखेरीस दार्ष्टान्तिक, तेही कठोर. त्यातले आकडेही बोलके आहेत. दीनार ही मजुराची एका दिवसाची मजुरी, आणि तालान्त म्हणजे सुमारे सहा हजार दीनार. चाकराला दहा हजार तालान्त माफ झाले, म्हणजे सहा कोटी दिवसांची मजुरी. आणि त्याने सोबत्याचा गळा धरला तो शंभर दिवसांच्या मजुरीसाठी! अरामाईक भाषेत कर्ज आणि पाप या दोहोंना 'होबा' हा एकच शब्द आहे, हे ठाऊक असले की ही हिशेबाची भाषा परकी वाटत नाही. प्रवचनकाराला येथे फारसे कष्ट पडत नाहीत.

लूकच्या पंधराव्या अध्यायातील दोन मुलांच्या कथेचे तसे नाही. तिला 'उधळ्या पुत्र' हे नाव देऊन आपण अर्धी कथा आधीच गमावून बसलो आहोत. पूर्वार्ध अजोडच आहे. मला चाकर म्हणून ठेवा, ही वाटेत घोकलेली विनंती धाकट्याच्या ओठांवर येण्यापूर्वीच बाप झगा, अंगठी नि जोडे मागवतो. क्षमेचे इतके संयत चित्रण मी अन्यत्र वाचलेले नाही. आमच्या धर्मग्रामांतील नाटुकल्यांचा पडदा बहुधा याच मेजवानीवर पडतो.

पण थोरला अजून शेतातच आहे. 'अनुवाद' ग्रंथातील नियमानुसार थोरल्याचा वाटा दुप्पट. धाकटा आपला तिसरा हिस्सा घेऊन गेला, त्याअर्थी मागे उरले ते थोरल्याचे. वासरू कापले गेले ते त्याच्या वाट्यातले. क्षमा बापाने केली. झळ थोरल्याला लागली.

मालवणच्या किनाऱ्यावर हे कुणाला समजावून सांगावे लागत नाही. एक भाऊ मुंबईला जातो. दुसरा मागे राहून माडांना खत घालतो, घर शाकारतो, आईवडिलांची दुखणी काढतो. सातबाऱ्यावर नावे मात्र दोघांची.

२०२२ साली उपवासकाळाच्या चौथ्या रविवारी याच उताऱ्यावर बोलताना मी थोरल्याला चांगलेच धारेवर धरले. मिस्सा संपल्यावर एक वृद्ध शेतकरी दाराशी येऊन म्हणाला, "फादर, वासरू कापूच्या आदी थोरल्याक कोणी इचारलेला काय?" आणि निघून गेला. सेमिनरीत अभ्यासलेली सारी भाष्ये मनात उलटसुलट चाळली, उत्तर सापडेना. घरी येऊन पुन्हा लूक उघडला. त्याने ते लिहूनच ठेवले होते : घरी वाद्ये का वाजताहेत, हे थोरल्याला एका चाकराकडून कळते. त्याला बोलवायला कुणीही शेतावर गेलेले नाही.

म्हणूनच बापाचे दुसऱ्यांदा बाहेर येणे मला पहिल्याइतकेच मोलाचे वाटते. येथे तो धावत नाही, विनवतो. जे माझे ते तुझेच, हे तो मान्य करतो. थोरल्याने टाळलेला 'भाऊ' हा शब्द तेवढा हळूच परत त्याच्या पुढ्यात ठेवतो. यावर थोरला काय म्हणाला, ते लूक सांगत नाही. त्याच अध्यायातील हरवलेल्या मेंढराच्या आणि नाण्याच्या कथांना दार्ष्टान्तिक जोडलेले आहे, तिसरीला नाही. अध्यायाच्या आरंभी पापी जनांच्या पंगतीवरून कुरकुरणारे शास्त्री व परूशी समोर उभे आहेत, आणि कथा त्यांना सांगितली जात आहे. उत्तर त्यांनीच द्यायचे होते. आम्ही प्रवचनकार मात्र थोरल्याच्या कानउघाडणीचे दार्ष्टान्तिक आपल्या पदरचे जोडून मोकळे होतो, आणि हा मला वाङ्मयीन दोषच वाटतो.

२०२५ साली तोच रविवार, तेच वाचन पुन्हा आले. मी बापाच्या विनवणीपाशी थांबलो. तो वृद्ध मागच्या बाकावर होता. मुंबईचा भाऊ त्या वर्षी गावी आलेला नव्हता.