भूत पटले, शेवट पटला नाही : भयपट-विज्ञानपटांच्या चाहत्याचा निकष

मराठी समीक्षेने विज्ञानकथा आणि भयकथा यांना कधीही एका पंक्तीला बसवले नाही. विज्ञानकथेचे स्वागत प्रामुख्याने तिच्या उपयुक्ततेसाठी झाले. १९६६ साली स्थापन झालेल्या मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेसाठी जयंत नारळीकरांनी १९७४ साली ‘कृष्णविवर’ ही कथा टोपणनावाने पाठविली आणि ती पारितोषिकास पात्र ठरली. १९७५ च्या कऱ्हाड साहित्य संमेलनाच्या अध्यक्षा दुर्गा भागवत यांनी या नव्या लेखनाची आवर्जून दखल घेतली. भयकथेच्या वाट्याला असे भाग्य आले नाही. नारायण धारपांची पुस्तके वाचनालयांतून हातोहात फिरत राहिली. समीक्षेच्या पानांवर मात्र ती क्वचितच अवतरली. एका प्रकाराला विज्ञाननिष्ठेचे प्रशस्तिपत्र आणि दुसऱ्यावर अंधश्रद्धेचा संशय, अशी ही वाटणी आहे. दोन्ही निर्णय समाजहिताचे असतील. वाङ्मयीन ते नाहीत. पडद्यावरील कलाकृतींकडे पाहतानाही हीच वाटणी वारसाहक्काने चालत आली.

ही वाटणी ज्याला मुळीच मान्य नाही असा एक घटक आहे आणि तो म्हणजे या चित्रपटांचा चाहता. मुळशी तालुक्यात, हिंजवडीच्या माहिती तंत्रज्ञान उद्यानाला लागून असलेल्या मारुंजीसारख्या गावात हा चाहता प्रातिनिधिक रूपात कल्पिता येतो. तेथे बहुमजली इमारतीच्या कुंपणाला शेताचा बांध भिडलेला असतो. दिवसभर संगणकाच्या आज्ञावलीतील चुका शोधणारा माणूस चैत्री पौर्णिमेला शेजारच्या हिंजवडीतील म्हातोबाचे बगाड पाहायला जातो, आणि रात्री ‘तुंबाड’ही पाहतो व परग्रहावरील यानांची कथाही पाहतो. या दोन चित्रपटांना तो एकच माप लावतो. त्याचे मत बहुधा एका वाक्यात संपते : ‘भूत पटलं, पण शेवट पटला नाही.’

हे वाक्य भाबडे वाटते. परंतु त्यात एक संपूर्ण काव्यशास्त्र दडलेले आहे. जो भुतावर विश्वास ठेवत नाही त्याला भूत ‘पटते’, याचा अर्थ काय? ‘पटणे’ म्हणजे खरे मानणे नव्हे. कलाकृतीने सुरुवातीस आपल्या विश्वाचा एक नियम सांगितला, प्रेक्षकाने तो स्वीकारला. आता तो नियम कलाकृतीने स्वतः पाळला पाहिजे, असा हा करार आहे. शेवट ‘न पटणे’ म्हणजे कराराचा भंग होय. तोदोरोव्हने १९७० साली अद्भुताची मीमांसा करताना वाचकाच्या दोलायमानतेला, म्हणजे घडले ते नैसर्गिक की अतिनैसर्गिक या अनिश्चयाला, केंद्रस्थानी ठेवले. मराठी चाहत्याला ही मीमांसा अपुरी पडते, कारण तो प्रारंभीच कबुली देऊन बसलेला असतो. त्याची उत्कंठा ‘आहे की नाही’ याविषयी नसून ‘असेल तर कसे वागेल’ याविषयी असते.

या वृत्तीचे मूळ लोकपरंपरेत सापडते. मराठी भुते बेवारशी नाहीत. मुंज झाल्यावर आणि लग्नाआधी मेलेला मुलगा मुंजा होतो आणि पिंपळावर राहतो. बाळंतपणात मेलेली स्त्री हडळ होते. चकवा वाटसरूला मारत नाही, फक्त वाट चुकवतो. प्रत्येकाचे कारण, स्थान आणि मर्यादा ठरलेली आहे. आदित्य सरपोतदार यांच्या ‘मुंज्या’ (२०२४) या हिंदी चित्रपटाला हा नियमग्रंथ आयताच मिळाला होता.

नियम काटेकोरपणे पाळला म्हणजे काय साधते याचे उत्तम उदाहरण राही अनिल बर्वे यांचा ‘तुंबाड’ (२०१८) हा आहे. चित्रपटाची भाषा हिंदी असली तरी त्याचे नाव श्री. ना. पेंडसे यांच्या ‘तुंबाडचे खोत’ या कादंबरीची आणि त्यातील म्हातारी धारपांच्या ‘आजी’ या कथेची आठवण ठेवून आहे. हस्तरला सोने मिळाले, अन्न मिळाले नाही. म्हणून तो पिठासाठी आसुसलेला आहे आणि पिठाच्याच रिंगणापुढे हतबल आहे. कणकेची बाहुली त्याच्यापुढे टाकावी आणि तो तिच्यावर तुटून पडला की मोहरा ओरबाडून घ्याव्यात, एवढाच नियम. १९१८ ते १९४७ या कालपटात तो बदलत नाही. विनायकरावाच्या मुलाला एकाऐवजी अनेक बाहुल्या नेण्याची युक्ती सुचते आणि जितक्या बाहुल्या तितके हस्तर उभे राहतात. अंत बाहेरून लादलेला नाही. तो नियमातच बीजरूपाने होता. म्हणूनच या चित्रपटाचा शेवट चाहत्याला पटतो.

महेश कोठारे यांचा ‘झपाटलेला’ (१९९३) विनोदी आहे, तरी याच कसोटीवर उतरतो. तात्या विंचूचा आत्मा बाहुल्यात शिरतो. त्याला मनुष्यदेह हवा असेल तर तो अमुकच माणसाचा असला पाहिजे. लक्ष्याची सारी धावपळ या एका अटीतून निर्माण होते. ही अट ‘चाइल्ड्स प्ले’ (१९८८) या अमेरिकी चित्रपटातून आली, हे चाहता तत्परतेने सांगतो आणि तेथेच थांबतो. ही त्याच्या दृष्टीची पहिली मर्यादा होय. उगम सापडला म्हणजे कलाकृती उलगडली असे नाही. अमेरिकेतील बाहुला दुकानात विकत मिळणारा आहे. मराठीतील बाहुला रामदास पाध्ये यांच्या शब्दभ्रमकलेतून आलेला, मुळातच दुसऱ्याच्या आवाजात बोलणारा आहे. नियम उसना असेल, पण त्याचे घर बदलले की त्याचा अर्थही बदलतो.

विज्ञानपटाच्या बाबतीत चाहता हाच निकष वापरतो. सुजय डहाके यांच्या ‘फुंतरू’ (२०१६) मध्ये अभियांत्रिकीचा विद्यार्थी आवडत्या मुलीची संगणकीय प्रतिकृती घडवितो. असे यंत्र आज शक्य आहे काय, हा चाहत्याचा प्रश्न नसतो; काल जे या यंत्राला जमत नव्हते ते आज कथानकाची अडचण भागविण्यासाठी जमू लागले काय, हा असतो. नारळीकरांच्या कथांना हा धोका तुलनेने कमी, कारण तेथे नियम भौतिकशास्त्राने घालून दिलेला असतो आणि लेखकही त्याला बांधलेला असतो. उलट दैनंदिन मालिकेला भागांची संख्या वाढवायची असते, आणि ती नियम वाकविल्याशिवाय वाढत नाही. ‘रात्रीस खेळ चाले’ (२०१६) ही मालिका दुसऱ्या पर्वात (२०१९) कथेच्या भूतकाळात गेली, तेव्हा प्रेक्षकांच्या मनात घर केले ते अण्णा नाईक या जिवंत माणसाच्या दुष्टपणाने. माणसाचा स्वभाव हाही एक नियमच आहे, आणि तो भुताच्या नियमापेक्षा अधिक काळ ताण सोसतो.

आता अंधश्रद्धेच्या आक्षेपाकडे वळता येईल. ज्या राज्यात २० ऑगस्ट २०१३ रोजी डॉ. नरेंद्र दाभोलकरांची हत्या झाली आणि त्याच वर्षी जादूटोणाविरोधी कायदा संमत झाला, तेथे हा आक्षेप हलका मानता येणार नाही. परंतु बुवाचे भूत आणि कथेतील भूत यांत मूलभूत भेद आहे. बुवाचा अंगारा गुण देत नाही तेव्हा बुवा नियम बदलतो : श्रद्धा कमी पडली, दिवस चुकला, आणखी एक विधी हवा. कथेला ही सवलत नाही. तिने नियम बदलला की चाहता ‘पटलं नाही’ म्हणून उठतो. ज्याला पडद्यावरच्या भुताकडून सुसंगतीची मागणी करण्याची सवय आहे, तो तीच मागणी उद्या बुवाकडे करील याची हमी नाही. पण मागणीचे स्वरूप मात्र तेच आहे. भयपट श्रद्धा वाढवितो की चिकित्सा, हे त्यात भूत आहे की नाही यावर अवलंबून नसून ते भूत नियमाला बांधलेले आहे की नाही यावर अवलंबून आहे.

तथापि चाहत्याचा निकष हा समीक्षेचा प्रारंभ आहे, शेवट नव्हे. केवळ नियम पाळणे हे कोड्याचेही वैशिष्ट्य असते. विशाल फुरिया यांच्या ‘लपाछपी’मध्ये वाट हरवून टाकणारा ऊस भयाचे स्थान आहे; पण त्या भयाचा उगम मुलींना जन्मताच संपविणाऱ्या घरात आहे. त्या ठिकाणी नियम कोणता एवढे विचारून भागत नाही. तो नियम कोणाच्या पापातून निर्माण झाला हेही विचारावे लागते. ‘तुंबाड’मध्ये सोने अमाप आणि धान्य नाही, ही अट केवळ कथानकाची कळ नसून लोभाची व्याख्या आहे. नियम पाळला गेला का, हे चाहता अचूक सांगतो. तोच नियम का निवडला गेला, हे सांगणे समीक्षकाचे काम आहे. चाहत्याने आपले काम चोख बजावले आहे. समीक्षेने आपले अजून हाती घ्यायचे आहे.